जोडीदाराला द्यायचा खांदा

दोन हजार तेवीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि परदेशात, अप्पर हट नावाच्या गावात, पिवळं जाकीट घालून गस्त घालत होतो. पगार नाही, भत्ता नाही, चहासुद्धा घरून थर्मासमधून न्यायचा. मुलगा म्हणायचा, "बाबा, या वयात हे कशाला?" मी म्हणायचो, "मग काय करू? तुझ्या खिडकीत बसून शेजाऱ्याची मांजर बघू?"

माझं शिक्षण सातवी, तीही पुरी नाही. त्यामुळे हे लिहिणं जसं जमेल तसं. मिसरूड फुटली तेव्हा फौजेत भरती झालो, शिपाई म्हणून गेलो आणि हवालदार होऊन पेन्शनवर आलो. गावी दोन महिने बसलो तर अंगाला खाज सुटली. मग होमगार्डात नाव घातलं. गणपती, निवडणुका, उरूस, कुठं वातावरण तापलं तर चौकात काठी घेऊन उभं राहायचं. खरे पोलीस ते, आम्ही उसने. पण खाकी अंगावर असली की उसन्या माणसाकडे बघूनही लोक सरळ चालतात, हे मी पाहिलंय. बायको म्हणायची, "तुम्हाला वर्दी घातल्याशिवाय जेवण पचत नाही." ती गेली, आणि मुलगा मला इकडं घेऊन आला.

इथं पहिल्या वर्षी शहिदांच्या स्मारकापाशी परेड होती. मी मेडलं पुसून कोटाला लावली आणि गेलो. तिथं एक माणूस माझ्याकडे बघत होता. दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा मोठा, माओरी, म्हणजे इथला मूळचा, छातीवर माझ्यापेक्षा जास्त मेडलं. सरळ चालत आला, माझा हात धरला आणि आपलं नाक, कपाळ माझ्या नाकाकपाळाला टेकवलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं कुणी जवळ घेत नाही. मी तसाच सावधान उभा राहिलो.

तोही हवालदारच. म्हणजे त्यांच्याकडचा सार्जंट. जवळच्याच छावणीत त्याची सगळी नोकरी झालेली. आणि नोकरीत असतानाच शनिवार-रविवारी तो दुसरी टोपी घालायचा. त्यांच्या लोकांत जत्रा, लग्न, मयत, कुठंही गर्दी झाली की बिनपगारी बंदोबस्त करणारी माणसं असतात. हत्यार नाही, नुसता आवाज आणि ओळख. पाच दिवस सैनिक, दोन दिवस पोलीस. त्याची बायको म्हणायची, "आणि माझा दिवस कुठला, तो सांग." त्यावर तो म्हणायचा, "तू तर ड्युटीच आहेस, बाई. तुझी सुट्टी नसते."

त्यानंच मला गस्तीत घातलं. पोलिसांच्या हाताखाली गावातली माणसं फिरतात, एका गाडीत दोघं. गाडीला पट्टे, आत वायरलेस. स्टेशनचं पार्किंग, शाळांचे रस्ते, नदीकाठी लोक गाड्या लावतात ती जागा. चालवायचा तो, नजर माझी. नियम एकच: बघायचं आणि कळवायचं. गाडीतून उतरायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. मला हा नियम पटला नव्हता, अजून पटलेला नाही. ज्याला उतरता येत नाही त्याला जाकीट कशाला देता?

तो मला सार्ज म्हणायचा. मी त्याला हवालदार म्हणायचो, आणि तो ते सगळ्यांना अभिमानानं सांगायचा, चुकीचं म्हणून दाखवत.

"सार्ज, तू आज पुन्हा दार उघडलंस."

"उघडलं. उतरलो नाही."

"एक पाय बाहेर होता."

"पाय माझा आहे. सरकारचा नाही."

"रिपोर्टात लिहू का, माझ्या जोडीदाराचा उजवा पाय ऐकत नाही म्हणून?"

असं आमचं चालायचं. माझं इंग्रजी पलटणीतलं, परेडपुरतं. त्याला ते पुरायचं. जिथं अडायचं तिथं हातवारे, आणि जिथं हातवारे अडायचे तिथं थर्मास.

त्याच्या घरी जाणं-येणं झालं. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायला लागलो. तिनं विचारलं, म्हणजे काय. मी सांगितलं, भावाची बायको. तिनं माझ्या ताटात आणखी एक बटाटा घातला. त्या घरात मी पुष्कळ जेवलोय. डुकराची हाडं आणि पालेभाजी एका मोठ्या पातेल्यात उकळायची, सोबत कणकेचे गोळे. सूनबाईनं नाक मुरडलं असतं. मला पलटणीच्या लंगराची आठवण यायची.

एकदा पावसात स्टेशनपाशी गाडी लावून बसलो होतो. काच धूसर झालेली. का कोण जाणे, मी त्याला माझ्या बापाचं सांगितलं. मी वर बर्फात पोस्टवर होतो आणि खाली बाप गेला. तार पोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता. सुट्टी मिळून गावात पोचलो तेव्हा अंगणात मांडवाच्या खुणा होत्या, बस. चुलतभावांनी खांदा दिला. मी थोरला, आणि मी नव्हतो. त्याला मी सांगितलं की आमच्यात माणसाला शेवटी चौघं खांद्यावर नेतात. त्या चौघांत आपण असणं, हे माणसासाठी करता येण्यासारखं शेवटचं काम. आणि ते माझ्या बापासाठी मला मिळालं नाही. हे मी बायकोलाही कधी नीट बोललो नव्हतो.

त्यानं वायपर चालू केला. मग म्हणाला, "तर मला दे."

"काय?"

"खांदा. आमच्यातही नेतात. माझ्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिलाय, मी तुझ्याआधी जाणार. पुढची डावी बाजू तुझी."

"तू चौघांचं काम नाहीस. तुला क्रेन लागेल."

"म्हणून सांगतोय. आत्तापासून व्यायामाला लाग."

मी हसलो. त्यानं मात्र घरी जाऊन वहिनीला माझ्यासमोरच सांगितलं, "हा पुढे, डावीकडे. लक्षात ठेव." वहिनी भांडी धूत होती. म्हणाली, "आधी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेव, मग काय मरायचं ते मर."

हसण्यावारी झालं, पण ठरलं. दोन हवालदारांत ठरलं म्हणजे ठरलं.

त्या हिवाळ्यात तो खचला. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जायचा, आणि मधल्या दिवशी जाकीट घालून गाडीत. शेवटी शेवटी गाडी चालवणारा तिसरा माणूस लागायचा आणि आम्ही दोघं मागं बसायचो. एका सकाळी सूनबाईचा फोन वाजला. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, वहिनीची गोळ्यांची चिठ्ठी तिच्याकडेच यायची, म्हणून फोन तिला. ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला बोलावं लागलं नाही.

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी तसाच खाली ठेवला. प्रेत घरात असताना आपल्यात चूल पेटत नाही, आणि जाणारा माणूस आपला असला तर तोंडात पाणी घालायचं नाही तो जाईपर्यंत. मला हे कुणी शिकवलेलं नाही, मी असंच बघत आलोय. आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. सूनबाईच्या खिडकीतल्या कुंडीत तुळस होती, थंडीनं खंगलेली. तिचं एक पान घेतलं. मनात म्हटलं, दुपारपर्यंत उचलतील, लवकर पोचायला हवं.

त्यांच्या लोकांचं एक सामाईक सभाघर असतं, मराए म्हणतात. तिथं त्याला ठेवलं होतं. आत जाताना एका बाईनं आतून हाक घातली, लांब, रडवी, जशी आपल्याकडे बाया वेशीपासून हाक घालत येतात तशी. मी उंबऱ्यातच थांबलो. सूनबाईनं कोपर धरलं.

आत तो उघड्या पेटीत झोपलेला. पेटीवर त्याच्या दोन टोप्या, एक पलटणीची, एक शनिवार-रविवारची. कडेनं बाया बसलेल्या, डोक्याला हिरव्या पानांचे वेढे. वहिनी उशाशी. लोक उठत होते आणि त्याच्याशी बोलत होते. त्याच्याविषयी नव्हे, त्याच्याशी. एक म्हातारा काठी आपटून त्याला चक्क शिव्या देत होता की न सांगता गेलास, आळशा, आता माझ्याबरोबर मासे मारायला कोण येणार. आणि सगळे हसत होते, आणि हसता हसता रडत होते. मी तुळशीचं पान त्याच्या हातापाशी ठेवलं, पायथ्याला उभा राहिलो आणि वाट बघायला लागलो.

बऱ्याच वेळानं मी शेजारच्या माणसाला विचारलं, कधी उचलणार. तो म्हणाला, "परवा."

परवा! मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तोवर सगळे जेवायला उठले. शेजारीच जेवणाचा मोठा हॉल, टेबलं मांडलेली, ताटं, पाव, मटण, केक. वहिनीची बहीण माझ्याकडे आली. "चल, काई तयार आहे." काई म्हणजे जेवण. मी हात जोडले. ती म्हणाली, "चहा तरी." मी हात जोडले. मग तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. मी त्यालाही मान हलवली.

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, निदान चहा घेऊ या. सगळे बघतायत."

"बघू दे. अजून उठलं नाही प्रेत."

"त्यांच्यात चालतं."

"माझ्यात चालत नाही."

"पण आपण त्यांच्याकडे आलोय ना?"

"त्यासाठी आलोय. जेवायला नाही."

आणि मी निघालो. अशा घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, मागं वळून बघत नाहीत. मी कुणाचा निरोप घेतला नाही, वळून पाहिलं नाही. त्याची पुरेपूर इज्जत राखली असं समजून ताठ मानेनं बाहेर पडलो. घरी आल्याबरोबर डोक्यावरून पाणी घेतलं.

परवापर्यंत कोरडं राहणं या वयात जमणारं नव्हतं, म्हणून तोवर मी उपासासारखं नुसत्या फळं आणि दुधावर काढलं. गॅरेजमध्ये मुलानं बागेसाठी आणलेल्या खताच्या पिशव्या होत्या. एक उचलून डाव्या खांद्यावर घेतली आणि गॅरेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मग पुन्हा. खांदा दुखत होता, पण धरत होता. सूनबाई कपडे वाळत घालायला आली, तिनं पाहिलं. दुसरी पिशवी माझ्या वाटेतून बाजूला सारून ठेवली.

तिसऱ्या दिवशी कोट, मेडलं, बुटांना पॉलिश. लवकर पोचलो. प्रार्थना झाली, पेटी बंद केली तेव्हा बायांनी असा आवाज केला की मी छताकडे बघत राहिलो. मग एका माणसानं नावं पुकारली. एकेक जण उठून पेटीपाशी गेला. भाऊ, भाचे, छावणीतला एक जुना सोबती. पुढची डावी बाजू मोकळी होती. मी कोटाचं बटण लावलं.

तिथं एक उंच पुतण्या जाऊन उभा राहिला.

मला वाटलं, तो जागा धरून उभा आहे, आता मला हाक मारतील. मी एक पाऊल पुढं टाकलं. कुणीतरी माझ्या कोपराला हळूच हात लावला, फार अदबीनं, आणि मला म्हाताऱ्या माणसांच्या रांगेत नेलं, खुर्ची दिली. त्यांनी पेटी उचलली. माझ्यासमोरून नेली. इतकी जवळून की पुतण्याच्या कोटाची बाही माझ्या गुडघ्याला घासली.

मी बोलू शकलो असतो. "ही बाजू माझी" इतकं इंग्रजी मला येतं. पण मागून घेतलेला खांदा मला नको होता. हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे, कुणाला पटो न पटो. मी खुर्चीवर बसलो नाही, एवढंच. मागून चालत गेलो. खड्ड्यात सोडताना सॅल्यूट केला आणि तो सगळी माती पडेपर्यंत खाली आणला नाही. ज्याला दिसायचं त्याला दिसलं असेल.

कबरस्तानाच्या फाटकाला नळ आहे. बाहेर पडताना सगळे तिथं हात धुतात, डोक्यावर पाणी शिंपडतात. आपल्यासारखंच. मी हात धूत होतो तेव्हा वहिनी आली. माझ्या नाकाला नाक टेकवलं, आणि तसंच, कपाळ न काढता म्हणाली, "मी तुझ्या हवालदाराला समजावलंय. म्हटलं, तुझ्या मित्रावर रागावू नकोस. त्याच्या धर्मात चालत नाही."

"काय चालत नाही?"

"आमच्या मेलेल्याला हात लावणं. त्या दिवशी तू आमचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. बोललाही नाहीस, तसाच गेलास. मी उशाशी बसून बघत होते. मला कळलं की तुला जड जातंय. मग तुला सगळ्यांसमोर हाक मारून पेचात कशाला टाकायचं? म्हणून मीच पुतण्याला सांगितलं. बरोबर केलं ना?"

ती खरंच विचारत होती. डोळे सुजलेले, आणि त्यात माझ्याबद्दलची काळजी. नवरा मातीत ठेवून आलेली बाई मला सांभाळून घेत होती.

मला तिला सांगायचं होतं की उलटं आहे वहिनी, सगळं उलटं आहे. तो माझा होता म्हणून घास उतरत नव्हता. परक्याच्या मयताला मी चहा पिऊन आलो असतो. हे सगळं माझ्या परेडच्या इंग्रजीत कसं बसवायचं? मी "नो, वहिनी, नो," एवढंच म्हणालो. तिला वाटलं मी नको, आभार नको म्हणतोय. तिनं माझा गाल थोपटला.

"आता ये जेवायला," ती म्हणाली. "आमच्यात जेवल्याशिवाय माणूस परत येत नाही. अर्धा तिकडंच राहतो, त्याच्याजवळ."

बस उभी होती. सगळे चढत होते. मला सूनबाईकडे बघून "घरी" एवढा एकच शब्द काढता आला. त्या दिवशी नियम वगैरे काही नव्हता. गळ्यातून काही खाली गेलं नसतं, इतकंच.

गाडीत सूनबाई म्हणाली, "बाबा, एकदा बोलायचं ना. मी सांगितलं असतं त्यांना."

"काय सांगितलं असतंस? म्हातारा उपाशी आहे म्हणून?"

"हो. तेवढंच. त्यांना कळलं असतं."

"आता गप्प चालव."

तिनं गप्प चालवली. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता टिशूचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. मी तो उघडला नाही. नदीच्या पुलावर आल्यावर उघडला.

बापाच्या वेळी मी दूर होतो. तार उशिरा आली, बर्फ होतं, वरिष्ठ होते, दोष द्यायला पुष्कळ काही होतं. या वेळी मी तिथंच होतो. हाताच्या अंतरावर, खांदा तयार ठेवून. आणि दोष द्यायला कुणीच नाही. तिनं माझा मान राखला, मी त्याचा मान राखला, आणि दोघांच्या मधून तो निघून गेला. सुनेनं रात्रीचं ताट आणलं ते मी परत पाठवलं. मुलगा दारापर्यंत आला आणि माझं तोंड बघून फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, दाढी केली, देवापुढं हात जोडले आणि कुणाला न सांगता चालत वहिनीच्या घरी गेलो. दार वाजवलं. ती गाऊनवर स्वेटर घालून आली, मागं स्वयंपाकघरात तिची बहीण कालची पातेली रिकामी करत होती. मी बूट काढले आणि म्हणालो, "वहिनी, जेवायला आलोय." तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आठही वाजले नव्हते, आणि मग तिच्या काय लक्षात आलं कोण जाणे, ती तोंडावर हात दाबून तशीच दारात उभी राहिली. बहिणीनं खुर्ची ओढली. उरलेलं मटण, पालेभाजी, गार झालेले कणकेचे गोळे, सगळं एका ताटात घालून तिनं माझ्यासमोर ठेवलं. गरम करू का, म्हणाली. मी म्हटलं, नको, असंच दे, आणि खायला लागलो.